गिऱ्हाईक चारचौघांत बोलून गेलं की हात चालेनासा होतो, काय करावं?

प्रश्न नाशिकहून आला आहे. घरच्या पुढच्या खोलीत बुटीक चालवणाऱ्या एक ताई लिहितात: साखरपुड्याच्या आदल्या दिवशी नवरीची आई आली आणि ब्लाउज दंडात घट्ट होतो म्हणून चार बायकांसमोर 'शिवता येत नाही तर कापड घेता कशाला' असं बोलली. शिलाईचे उरलेले अठराशे रुपये न देता ब्लाउज घेऊन गेली. रात्री गूगलवर एक तारा देऊन मोकळी झाली. तेव्हापासून फोन वाजला की छातीत धस्स होतं, कात्री उचलली की हेही बिघडणार असं वाटतं. 'मी फार हळवी आहे, धंद्याला लागणारं जाड कातडं माझ्याकडे नाही. बंद करू का?'

बंद करू नका. आणि कातडं जाड करायच्या मागेही लागू नका, कारण या कामात ते उपयोगाचं नाही. ट्रायलला पडद्याआडून बाहेर आलेली मुलगी तोंडाने 'छान आहे' म्हणते आणि डावा खांदा जरासा उचलून धरते. मुंढा, म्हणजे काखेकडचा बाहीचा जोड, काचतोय, पण आईसमोर बोलायची सोय नाही. हे जिला दिसतं, तिचाच ब्लाउज अंगाला बसतो.

मी डोंबिवलीत वीस वर्षांहून जास्त काळ बायकांचे कपडे शिवते. नवरीचे ब्लाउज हे मुख्य काम, आणि अलीकडे नव्याने दुकान टाकणाऱ्या मुलींना शिकवतेही. माझं मत असं की बोलणी खाण्याचे निम्मेअधिक प्रसंग पावतीपुस्तकाने टळतात. मनाची तयारी लागते ती उरलेल्यांसाठी. बहुतेक जणी उलट्या क्रमाने जातात. आधी प्राणायामाचा क्लास लावतात, आणि गिऱ्हाइकाला 'बघू, होऊन जाईल शुक्रवारपर्यंत' असं सांगायचं मात्र सोडत नाहीत. शुक्रवारी जे ऐकावं लागतं, त्याला प्राणायाम पुरत नाही.

तुमच्याच प्रसंगाकडे बघू. दंड घट्ट का झाला असेल? पैठणीचा काठ बाहीला लावला की जरीमुळे ती बाही ताणत नाही. साध्या सुती ब्लाउजच्या मापाने कापली तर हात वर करताना धरणारच. तिथे घेराला अर्धा इंच जास्त द्यावा लागतो. अस्तर पाण्यातून न काढता कापलं असेल तर वाफेची इस्त्री फिरली की ते आक्रसतं, वरचं कापड तसंच राहतं आणि शिवणीवर चुण्या येतात. तिसरं कारण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा निघतं: माप दोन महिन्यांपूर्वी घेतलेलं असतं. लग्न ठरल्यावर काही मुली जेवण निम्म्यावर आणतात, काहींची केळवणं सुरू होतात. अंग बदलतं, वहीतला आकडा तोच राहतो.

यातलं कुठलं कारण होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा शोधलंही नसेल. 'तुला शिवता येत नाही' हे वाक्य डोक्यात घुसलं की बाहीकडे बघायचं राहूनच जातं. म्हणून आधी तेवढं करा. कापायचा कागद काढा, त्यावरचं माप आणि वहीतलं माप ताडून बघा. चूक तुमची निघाली तर ती अर्ध्या इंचाची निघेल, तुमच्या सगळ्या आयुष्याची नाही.

माझी पद्धत सांगते. नवरीचं माप लग्नाआधी महिनाभर, त्याच्या आधी नाही. आधी आली तर कापड ठेवून घेते, अस्तर भिजवून वाळवून तयार ठेवते, पण टेप लावत नाही. ट्रायल आठ-दहा दिवस आधी. आत दोन्ही बाजूंना एकेक इंच माया, म्हणजे नंतर सोडता येईल असं शिवणीतलं जास्तीचं कापड, ठेवते, दंडालाही. ट्रायलला तिला हात वर करायला, मांडी घालून बसायला आणि वाकून नमस्कार करायला लावते, कारण लग्नाच्या दिवशी तिला तेच करायचं असतं. मागच्या गळ्याची खोली तोंडी ठरवत नाही. पावतीच्या मागे गळा काढते, शेजारी 'साडेनऊ इंच' असं लिहिते, मोबाइलवर दाखवलेला फोटो तिच्याच नंबरवरून मागवून घेते. पावतीवर ट्रायलची तारीख, देण्याची तारीख, दर, आगाऊ घेतलेली निम्मी रक्कम, आणि शेवटी एक ओळ: ट्रायलला न आल्यास दुरुस्ती कार्यक्रमानंतर होईल. खाली तिची सही.

सही कुणाला कोर्टात खेचायला घेत नाही. कोणी आवाज चढवला की पोटात गोळा येतो, तो बहुतेक वेळा 'खरंच मीच चुकले का' या शंकेने. कागद समोर असला की शंका राहत नाही. चूक माझी असेल तर तीही तिथेच दिसते, आणि मग माफी मागायला जड जात नाही. 'बाही मी अर्धा इंच कमी कापली, पैसे न घेता आत्ता करून देते' एवढंच बोलायचं. झालं त्याची माफी मागावी. 'माझंच सगळं चुकतं हो ताई, मला माफ करा' हे म्हणू नये. त्याने समोरचीचा राग उतरत नाही आणि आपली मान मात्र खाली जाते.

तारखांचं आणखी एक. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, संक्रांतीला काळ्या साड्यांचे ब्लाउज, मग एप्रिल-मेची लग्नं, श्रावणात मंगळागौर, पुढे गणपती आणि दिवाळी. दरवर्षी हेच असतं आणि दरवर्षी आपण नको तितकं काम घेतो. एका मशीनवर दिवसाला किती ब्लाउज निघतात ते तुम्हाला पाठ आहे. त्याला दिवसांनी गुणा, पाचवा हिस्सा दुरुस्त्यांसाठी वजा करा आणि तेवढ्यावर काम घेणं थांबवा. दारावर पाटी लावा, 'डिसेंबरचं काम भरलं'. चार तासांच्या झोपेवर मशीन चालवणाऱ्या बाईला साधं 'अजून झालं नाही का?' हेही शिवीसारखं लागतं. तो हळवेपणा नव्हे, जागरण आहे.

आता समोरचं माणूस ओरडतंय त्या दोन मिनिटांचं. तेव्हा खुलासा देऊ नका. 'नाही हो काकू, मी तर तुमच्याच मापाने...' इथून भांडण सुरू होतं. श्वास जेवढा घेतला त्याहून सावकाश सोडा, दोन-तीनदा. ठोके उतरतात, आवाज कापायचा थांबतो. मग गळ्यातला टेप हातात घ्या.

अशीच एक आई माझ्याकडे आली होती, पायातली चप्पलही न काढता थेट आत. 'वाट लावलीत सगळी. उद्या सकाळी मुहूर्त आहे!'

'उद्याच आहे ना काकू, मग आधी ब्लाउज बघू. बाळा, आत जाऊन घालून ये.'

मुलगी घालून आली. काखेखाली दोन आडव्या चुण्या, मधले दोन हुक ताणलेले. टेप लावला. छाती पावतीवरच्या मापापेक्षा पाऊण इंच जास्त. आकडा मी मोठ्याने वाचला, पावती काकूंपुढे सरकवली आणि पुढे काही बोलले नाही. वजनाचा शब्द तोंडातून काढायचा नाही. मुलीच्या अंगावर बोलण्याचा अधिकार शिंप्याला नाही, तिच्या आईने काढला तरी आपण 'हो ना' म्हणायचं नाही. 'दोन्हीकडची शिवण सोडते, अर्धा तास लागेल. चहा घेणार का?' शिवण उसवेपर्यंत काकू सांगू लागल्या की हॉलवाल्याने ऐन वेळी सजावटीचे पैसे वाढवले, मुलाकडून वीस माणसं जास्त येणार म्हणून काल रात्री फोन आला. हॉलवाल्याला बोलता येत नव्हतं, व्याह्यांना तर नाहीच. मी हाताशी होते.

पण यातून 'गिऱ्हाइकाचं दुःख समजून घ्या, मनावर काही घेऊ नका' असा संतपणा मला सांगायचा नाही. घाबरलेलं गिऱ्हाईक समजून घ्यावं, ते काम झालं की निवळतं आणि पुढच्या वेळी जाऊबाईंना घेऊन येतं. काही जणी मात्र खोट काढतात ती पैसे द्यायच्या वेळी. ट्रायलला सगळं छान असतं, पर्स उघडताना 'फिनिशिंग काही खास नाही' सुरू होतं. हा राग नाही, घासाघीस आहे, आणि त्याला मन लावायचं कारण नाही. हसून 'दर पावतीवर आहे ताई' म्हणावं आणि पिशवी काउंटरच्या आपल्या बाजूला ठेवावी. पैसे हातात पडेपर्यंत कपडा पलीकडे जाऊ द्यायचा नाही. तुमच्याकडे बिघडलं ते इथे.

आणि काही माणसं अपमान करायलाच येतात. कामावरून सुरू होतात आणि जातीवर, शिक्षणावर, 'तुमच्यासारख्या बायका' यावर घसरतात. तिथे सहनशक्ती दाखवायची नाही. 'कामाबद्दल बोला, मी ऐकते. हे ऐकणार नाही.' एवढं एकदा, आवाज न चढवता. तरी थांबले नाहीत तर आगाऊ रक्कम परत, कापड परत, नमस्कार. हे वाक्य घरी मोठ्याने म्हणून सराव करा, गंमत वाटली तरी. आयत्या वेळी नवं वाक्य सुचत नाही, पाठ असलेलंच तोंडातून निघतं.

नमस्कार करायची हिंमत कुठून येते हेही उघडपणे बोललं पाहिजे. ती पैशातून येते. महिन्याचा हप्ता, वीजबिल आणि मदतनीस मुलीचा पगार असे दोन-तीन महिन्यांचे पैसे बाजूला असले की तोंडातून 'नाही' निघतं. नसले की आपण गिळत राहतो आणि त्याला स्वभाव म्हणतो. सीझनमधल्या प्रत्येक ब्लाउजमागे शंभर रुपये वेगळ्या खात्यात टाका. मन घट्ट करण्याचा याहून खात्रीचा उपाय मला तरी माहीत नाही.

रात्रीचं काय करायचं? पाठ टेकली की तेच वाक्य पुन्हा ऐकू येतं. इथे अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मला कामाला आली. मराठीत ती पोहोचवण्यात डॉ. कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. तिचं सार असं की घटनेने आपण जितके मोडतो, त्याहून जास्त मोडतो ते घटनेबद्दलच्या आपल्या हट्टी समजुतीने. 'गिऱ्हाइकाने माझ्याशी नीटच बोललं पाहिजे. नाही बोललं तर ते भयंकर आहे, आणि त्याचा अर्थ मी नालायक आहे.' यातला प्रत्येक 'च' तपासायचा. नीट बोललं तर बरं, हे खरं. बोललंच पाहिजे, हे कुठे लिहिलंय? वाईट वाटलं, हेही खरं. पण भयंकर? आणि एका बाहीवरून बाई नालायक कशी ठरते? वाईट वाटणं राहतं, ते राहणारच. पण वाईट वाटलं तरी माणूस सकाळी दुकान उघडतो. घाबरलेला उघडत नाही.

हे डोक्यातल्या डोक्यात होत नाही, लिहावं लागतं. मी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिते: काय झालं, त्यातलं माझं काय, उद्या काय बदलायचं. 'बाही घट्ट. काठाचा अंदाज चुकला. काठाच्या बाहीला अर्धा इंच.' इतकंच, मग वही बंद. असल्या नोंदी वर्षभर साठल्या की त्यातून नवी पद्धत निघते. ट्रायलला खाली बसवायचं मी त्यातूनच सुरू केलं.

ओळखीच्या लोकांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण घरात बुटीक म्हटलं की तो प्रश्न आहेच. 'घरचंच तर आहे, काय पैसे घेतेस माझ्याकडून?' नणंद म्हणते, सोसायटीतल्या वहिनी म्हणतात. परक्याचं बोलणं दाराबाहेर जातं, यांचं हळदीकुंकवाला पुन्हा समोर बसतं. माझा नियम कडक आहे: एक तर आहेर म्हणून फुकट, नाहीतर पूर्ण दर. निम्म्या दराचं काम कधी घ्यायचं नाही. निम्मा देणाऱ्याला वाटतं पैसे मोजलेत, घेणाऱ्याला वाटतं उपकार केलेत, आणि दोघंही नाराज.

फोन. रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर 'झालं का?', उत्तर दिलं नाही की 'बघितलंत ना, निळी खूण आलीये'. दुकानाचा नंबर वेगळा करा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये आपोआप जाणारा संदेश लावता येतो: 'दुकान सकाळी दहा ते रात्री आठ. संदेश मिळाला, उद्या उत्तर देते.' आठनंतर तो फोन स्वयंपाकघरात नको, मशीनच्या खोलीत राहू दे. धस्स व्हायचं थांबायला आठ-पंधरा दिवस लागतील.

हाताखाली मुलगी असेल तर बघा, गिऱ्हाइकाचं ऐकलेलं तिच्यावर तर निघत नाही ना. आणि तिला कोणी बोललं तर काउंटरवर तुम्ही उभ्या राहा. चूक तिचीच असली तरी ती नंतर, दोघींत.

शाळेचे गणवेश किंवा हॉटेलच्या कर्मचाऱ्यांचे कपडे असं ठोक काम कधी घेतलंत तर तिथला त्रास ओरडण्याचा नसतो, 'पुढच्या महिन्यात या' चा असतो, आणि तो माणसाला जास्त पोखरतो. तिथे कायदा हाताशी ठेवा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, ती ऑर्डर घेण्याआधी करून ठेवा. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ प्रमाणे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण फार तर ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. तक्रारीसाठी राज्यात परिषदा आहेत, अर्ज ऑनलाइन करता येतो. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ही मुदत छापली की मागायला जाताना आवाज आपोआप बदलतो. घरगुती गिऱ्हाइकाशी मात्र निम्मी आगाऊ हाच कायदा.

एक गोष्ट मात्र पावतीपुस्तकाने सुटणारी नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, छातीतलं धस्स दिवसभर टिकत असेल, सगळं संपवावं असं मनात येत असेल, तर हा धंद्याचा प्रश्न राहिलेला नाही. १४४१६ वर फोन करा. मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, २०२२ पासून चालू, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. ताप आला की डॉक्टरकडे जातो तेवढ्याच सहजपणे करा.

आता तो एक तारा. तिथे उत्तर एकदाच द्या, दोन ओळींत: 'आपल्याला ऐन वेळी त्रास झाला याचं वाईट वाटतं. बाही सैल करून द्यायला आम्ही तयार आहोत, दुकानात यावं.' पैशांचा, मापाचा, कोण काय बोललं याचा उल्लेख नको, कारण ते उत्तर त्या बाई वाचतील न वाचतील, पुढची नवरी नक्की वाचेल. भाचे-पुतण्यांना पाच-पाच तारे द्यायला सांगू नका. गूगल असे अभिप्राय काढून टाकतं, आणि ते ओळखूही येतात. गेल्या सहा महिन्यांत खूश होऊन गेलेल्या गिऱ्हाइकांना मात्र फोन करून खरोखर जे वाटलं ते लिहायला सांगा. त्या फोनवर त्या जे बोलतील, ते तुम्हाला सध्या ऐकायची गरज आहे.

अठराशे रुपयांसाठी एक संदेश पाठवा, पावतीच्या फोटोसह: 'बाही मोफत दुरुस्त करून देईन. शिलाईचे १,८०० रुपये बाकी आहेत, महिनाअखेरपर्यंत पाठवावेत.' आले तर उत्तम. नाही आले तर वहीत बुडीत लिहून रेघ मारा आणि त्या नंबरवर पुन्हा फोन करू नका. त्याच घरातली धाकटी मुलगी पुढच्या वर्षी ब्लाउज घेऊन आली तर काम घ्या, शिलाई पूर्ण आगाऊ घेऊन.